दृष्टिपटलाचे छायाचित्र : अंधत्वाला वेळीच अटकाव



मोतीबिंदूने अंधुक दिसू लागले की माणूस आपण होऊन डॉक्टरांकडे जातो आणि शस्त्रक्रियेने बहुधा दृष्टी परत मिळवितो. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला जडणारा विकार मात्र सांगून येत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. प्रारंभी वाचनातही अडथळा येत नाही. दिसणे मंदावते तोवर पुष्कळदा हानी झालेली असते आणि ती पूर्णपणे भरून निघेलच असे नाही. म्हणून हा विकार रुग्णाची तक्रार येण्यापूर्वीच हुडकला पाहिजे.

या शोधकार्याला मोठा इतिहास आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये नेत्रतल पाहण्याचे साधन जगापुढे मांडले. १९६१ मध्ये अमेरिकेतील नोवोत्नी आणि आल्विस या वैद्यकाच्या दोन विद्यार्थ्यांनी शिरेतून फ्लुरोसीन हे रंगद्रव्य देऊन दृष्टिपटलातील रक्ताभिसरणाची छायाचित्रे प्रसिद्ध केली. १९९१ मध्ये 'ओ.सी.टी.' हे तंत्र पुढे आले. विहीर खणताना मातीचे थर एकाखाली एक उघडे पडतात, तसे दृष्टिपटलाचे थर या तंत्राने दिसतात. आणि तेही डोळ्याला स्पर्श न करता, केवळ परावर्तित प्रकाशाच्या साहाय्याने. सुमारे पाव मिलिमीटर जाडीच्या या पडद्यावर कोठे सूज आली, उपचाराने ती किती ओसरली, याचे मोजमाप त्यामुळे करता येते.

प्राथमिक तपासणीस मात्र एवढे मोठे यंत्र लागत नाही. नेत्रतलाचा साधा कॅमेरा प्रशिक्षित तंत्रज्ञही हाताळू शकतो. छायाचित्र दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविता येते. असे छायाचित्र संगणकाकडून स्वयंचलित पद्धतीने तपासून घेणाऱ्या प्रणालीस २०१८ मध्ये अमेरिकेत शासकीय मान्यताही मिळाली.

तथापि, छायाचित्र म्हणजे उपचार नव्हे. दोष आढळूनही रुग्ण 'मला तर चांगले दिसते' म्हणून घरीच बसला, तर सारी यंत्रसामग्री व्यर्थ होय. लेसर किंवा डोळ्यातील इंजेक्शन यांचा खरा लाभ वेळेवर पोहोचणाऱ्यालाच मिळतो. यास्तव गावातील मधुमेही व्यक्तींना वर्षातून एकदा, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास त्याहून लवकर, नेत्रतलाच्या तपासणीस पाठविणे, दोष आढळलेल्यांची नोंद ठेवणे आणि ते रुग्णालयात पोहोचले की नाही याची चौकशी करणे, ही कामे पंचायत आणि शाळा यांना सहज करता येण्यासारखी आहेत. त्याला खर्च थोडा, आस्था मात्र पुरेशी हवी. यंत्र दोष दाखवील. रुग्णाला उपचारापर्यंत नेण्याचे काम माणसांनीच केले पाहिजे.