शून्य होण्याआधीची वाट



गणितावर भाषण आहे म्हटल्यावर रेडिओचे बटण फिरवावेसे वाटणारे पुष्कळ जण असतात, याची मला कल्पना आहे. बीड जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी ३१ वर्षे गणित शिकवले. अजूनही बाजारात जुने विद्यार्थी भेटतात. नमस्कार करतात आणि लगेच सांगून टाकतात, "सर, गणित मात्र आता सगळं विसरलो." आज मी कोणाला काही आठवायला लावणार नाही. एका मुलाने मला विचारलेला एक प्रश्न आणि मी त्याला न दिलेले उत्तर, एवढेच सांगणार आहे.

अकरावी विज्ञानाच्या गणितात 'लिमिट' नावाचे प्रकरण असते. मराठीत त्याला 'सीमा' म्हणतात. कलनशास्त्र, म्हणजे ज्याला आपण कॅल्क्युलस म्हणतो, त्याचे हे प्रवेशद्वार. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. फळ्यावर मी नेहमीचे उदाहरण घातले. क्षचा वर्ग वजा ४, भागिले क्ष वजा २. क्ष २ च्या जवळ जाऊ लागला की या अपूर्णांकाची किंमत कशाच्या जवळ जाते? क्षच्या जागी सरळ २ घातले तर वर शून्य, खाली शून्य. शून्याला शून्याने भागता येत नाही. मग आपण वरच्या पदाचे अवयव पाडतो: क्ष वजा २ गुणिले क्ष अधिक २. वरचे आणि खालचे 'क्ष वजा २' खोडतो. उरते क्ष अधिक २. आता २ घातले की उत्तर ४.

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. त्याचे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि तो आजीजवळ गावी राहून शिकत होता. म्हणाला, "सर, खोडताना तुम्ही म्हणलात क्ष दोन नाही, म्हणून खोडता येतंय. आणि शेवटी तुम्हीच दोन घातले. मग क्ष दोन आहे का नाही?"

वर्ग हसला. माझाही तास संपत आला होता. मी म्हणालो, "परीक्षेत असंच लिहायचं असतं. बस खाली."

तो बसला. पुढे त्या प्रकरणात त्याला चांगले गुणही मिळाले. म्हणजे माझे म्हणणे त्याने मान्य केले. तेच मला आजही खुपते, कारण त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता.

किती बरोबर होता, ते मला पुढे वाचताना समजले. इंग्लंडात न्यूटन आणि जर्मनीत लायब्निझ यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कलनशास्त्र उभे केले. ग्रहांच्या गती, वक्ररेषांचे उतार, सगळे त्यातून बिनचूक निघू लागले. पण १७३४ साली बर्कली नावाच्या एका धर्मगुरूने पुस्तक लिहून या गणितींना हाच सवाल केला: तुमची ती लहानशी राशी शून्य आहे की नाही? नसेल तर ती शेवटी टाकून कशी देता? आणि असेल तर तिने भागता कसे? या सवालाचे समाधानकारक उत्तर मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. आमच्या वर्गातल्या पोराला ते एका तासात हवे होते आणि मी त्याला खाली बसवले.

उत्तर मला सुचले ते एका पावसाळ्यात, रस्त्यावर. ओढ्याला पूर येऊन गेला होता आणि नळकांडी पूल वाहून गेला होता. अलीकडच्या काठावर डांबरी रस्ता तुटलेला, पलीकडच्या काठावरही तुटलेला. मधे काहीच नाही. पण काठावर उभे राहिल्यावर रस्ता कोणत्या उंचीवर चालला होता हे स्पष्ट दिसत होते. अलीकडून पाहा, पलीकडून पाहा, दोन्ही टोके एकाच उंचीवर येऊन थांबलेली. पूल नसला तरी पुलाची जागा ठरलेली होती.

सीमा म्हणजे नेमके हेच. क्ष बरोबर २ या ठिकाणी आपला अपूर्णांक नाहीच. तिथे रस्ता तुटलेला आहे. पण आजूबाजूला तो आहे. क्षच्या जागी १.९ घाला, ३.९ येतात. १.९९ घाला, ३.९९ येतात. पलीकडून या: २.१ घातले तर ४.१, २.०१ घातले तर ४.०१. दोन्ही काठ ४ या उंचीकडे येत आहेत. म्हणून सीमा ४. क्ष कधीच २ झाला नाही. शेवटी आपण २ घातले ते 'क्ष अधिक २' या सलग रस्त्यावर, तिकडची उंची वाचण्यासाठी. त्या मुलाला हे उत्तर द्यायला हवे होते.

हाच ओढा आणखी काही शिकवतो. समजा, दोन ठेकेदारांनी दोन बाजूंनी रस्ता आणला आणि एका काठाची उंची दुसऱ्यापेक्षा चार फूट जास्त निघाली. मग पूल कोणत्या उंचीवर बांधायचा? अशा ठिकाणी सीमा अस्तित्वात नसते. किंवा समजा, ओढ्याच्या मधोमध कोणी भलत्याच उंचीचा खांब उभा केला. त्या खांबाने रस्त्याची दिशा बदलत नाही. त्या बिंदूवर काय आहे आणि त्या बिंदूकडे जाताना काय दिसते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सीमा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते.

इथे शब्दही आपल्याला थोडा फसवतो. "जरा लिमिटमध्ये राहा," असे आपण एखाद्याला दटावतो. गावाची शीव म्हटली की कुंपण डोळ्यांपुढे येते. त्यामुळे मुलांना वाटते, सीमा म्हणजे जिच्यापलीकडे जाता येत नाही किंवा जिथे कधी पोचता येत नाही अशी गोष्ट. दोन्ही समज चुकीचे. ४.१ ही किंमत ४ च्या पलीकडचीच आहे. आणि 'क्ष अधिक २' हा साधा रस्ता घेतला तर तो २ पाशी ४ वर आरामात पोचतो. किराणा दुकानातला जुना तराजू आठवा. काटा इकडे झुकायचा, तिकडे झुकायचा आणि हळूहळू एका जागी ठरायचा. सीमा म्हणजे ती ठरण्याची जागा.

आता आपल्या मातीतली एक गोष्ट. भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा. 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ त्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली पुरा केला. आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातले विज्जलविड, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. हे विड म्हणजे आपले बीड, असा तर्क काहींनी केला. बीडकर म्हणून मलाही तो आवडतो. पण चाळीसगावजवळ पाटणे येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख अभ्यासकांपुढे आणला. त्यामुळे पुरावा तिकडे झुकतो. आपण पुराव्याच्या बाजूने राहावे.

त्यांच्या 'लीलावती'त एक उदाहरण आहे. एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, आलेल्या राशीला ३ ने गुणले आणि शून्याने भागले, तर ६३ आले. ती संख्या कोणती? आजच्या शाळेत असे गणित कोणी घातले तर आपण त्यालाच वेडा ठरवू. शून्याने गुणले की सगळे संपलेच. पण भास्कराचार्य सांगतात, पुढची क्रिया बाकी असेल तर शून्याने गुणलेल्या राशीचे लगेच शून्य करू नका, ती तशीच ठेवा. पुढे शून्याने भागायचे आले तर राशी कायम राहते. त्यांचे उत्तर १४. पडताळा पाहा: १४ आणि त्याचे अर्धे ७ मिळून २१, त्रिगुणे ६३.

शून्याच्या जागी एखादी अगदी लहान संख्या घेतली की यातले मर्म दिसते. ती लहान आहे तोवर खोडता येते, आणि ती कितीही लहान केली तरी उत्तर ६३ च राहते. या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग होतो, असेही त्यांनी तिथे नोंदवले आहे. चंद्राची गती क्षणाक्षणाला बदलते, म्हणून सूक्ष्म गणितासाठी त्यांनी 'तात्कालिक गती' वापरली. भास्कराचार्यांनी सीमेची आजची व्याख्या दिली, असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण शून्य करण्याची घाई करू नका, हे त्यांना उमगले होते.

तात्कालिक गती म्हणजे काय, हे आपल्या विहिरीवर पाहता येते. कठड्यावरून दगड सोडा. हवेचा अडथळा सोडून दिला तर पहिल्या सेकंदात तो सुमारे ४.९ मीटर पडतो. एकूण अंतर वेळेच्या वर्गाच्या ४.९ पट. आता एक सेकंद पुरा होण्याच्या नेमक्या क्षणी त्याचा वेग किती? एका क्षणात दगड शून्य अंतर जातो आणि वेळही शून्य लागतो. पुन्हा शून्य भागिले शून्य! म्हणून पुढचा दशांश सेकंद घेऊ: सरासरी वेग १०.२९ येतो. शतांश सेकंद घेतला तर ९.८४९. सहस्रांश घेतला तर ९.८०४९. काटा कुठे ठरतो आहे ते दिसले? सेकंदाला ९.८ मीटर. गाडीच्या वेगापासून उपग्रहाच्या मार्गापर्यंतचे गणित या एका कल्पनेवर उभे आहे.

बर्कलीच्या सवालाचे शेवटचे उत्तरही ऐका. फ्रान्सच्या कोशीने १८२१ साली सीमेला कलनशास्त्राच्या पायाशी बसवले आणि पुढे जर्मनीच्या वायरश्ट्रासने तिला आजची काटेकोर भाषा दिली. हे वायरश्ट्रास बरीच वर्षे लहान गावांतून शाळामास्तर होते, याचे मला फार अप्रूप वाटते. त्यांची भाषा अवघड वाटते, पण आशय सौद्यासारखा आहे. तुम्ही म्हणा, "मला उत्तर ४ पासून एका शतांशाच्या आत हवे." मी म्हणतो, "क्ष २ पासून एका शतांशाच्या आत ठेवा, फक्त २ घेऊ नका." तुम्ही म्हणा, "लक्षांशाच्या आत हवे." मी तेवढे जवळ जायला सांगतो. तुमची कोणतीही अट मी पुरी करू शकलो, तर ४ ही सीमा. यात शून्याने भागणे कुठेच नाही.

आज आपली मुले दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि अकरावी विज्ञानाला येताच पुस्तक इंग्रजी होते. नवी कल्पना आणि नवी भाषा एकदम अंगावर येतात. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटे. मुले लातूरला जातात, क्लास लावतात, युक्त्या शिकतात. त्यांना दोष कसा द्यायचा? दोन मिनिटांहून कमी वेळात "क्ष दोन आहे का नाही?" असे कोण विचारणार?

म्हणून माझी विनंती शिक्षकांना आणि पालकांना आहे. मूल असे काही विचारत उठले, तर एक तास मागे पडला तरी चालेल. आधी मराठीत, ओढ्यावर, विहिरीवर त्याला उत्तर द्या. इंग्रजी शब्द मागून येतील. तुम्हाला उत्तर येत नसेल तर तसे सांगा. युरोपातल्या थोर थोर गणितींना ते शंभर वर्षे येत नव्हते, त्यात कमीपणा नाही. पण "परीक्षेत असंच लिहायचं असतं" असे म्हणू नका.

तो मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला असेल. कुठे असतो, मला माहीत नाही. हे भाषण त्याच्या कानावर पडले, तर त्याला एवढेच सांगायचे आहे: बाबा रे, क्ष दोन नव्हता. तू बरोबर विचारले होतेस.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)