गवताची पेटी आणि माझे दोन तास
(शिक्रापूर येथील महिला बैठकीतील भाषण)

परदेशात विजेवर मंद शिजवणारं भांडं असतं. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून मी गवताची पेटी केली. दुसऱ्या महायुद्धात इंधन वाचवायला इंग्लंडमध्ये बायका अशाच पेट्या वापरत.

खोक्यात वाळलेलं गवत दाबून भरायचं, मध्ये पातेल्याएवढा खळगा ठेवायचा. सातगाव पठारावरचा बटाटा आपल्या जवळचाच. १ किलोच्या मोठ्या फोडी, कांदा, लसूण, मीठ आणि फोडी बुडतील एवढं पाणी. ५ मिनिटं खळखळून उकळायचं. झाकण न उघडता पातेलं पेटीत ठेवायचं, वर गवताची उशी. गवतात अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. २ तासांत बटाटा मऊ होतो. ना धूर, ना ढवळणं. मग पाणी आमटीला काढून ठेवायचं, पातेलं पुन्हा आचेवर चढवून साय आणि किसलेलं चीज घालायचं. दुधाचं आधी घातलं तर नासेल.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "मग दोन तास तू काय करणार?" मला उत्तर सुचलं नाही. मी निवडायला गहू घेतले.

पेटीनं गॅस वाचवला, पण वाचलेला वेळ आपोआप माझा झाला नाही. तो मागावा लागला, भांडावंही लागलं. आज पातेलं पेटीत ठेवून इथे आलेय. साय-चीज घालायचं काम नवऱ्याकडे आहे. सासूबाई? त्या बघा, दुसऱ्या रांगेत बसल्यात.