लिफाफा उघडण्यापूर्वी



सरकारी खरेदीचा विषय निघाला की आपल्यात दोन तट पडतात. पैसा जनतेचा, म्हणून सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावी, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो, दर पाहू नका, गरिबाच्या हाताला काम द्या. अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. काम कोणाला मिळणार, हे पुष्कळदा दराचा लिफाफा उघडण्यापूर्वीच निविदेच्या अटींनी ठरवून टाकलेले असते.

अंगणवाडीतील आहाराचेच पाहा. या पुरवठ्यात कंत्राटदार नकोत, शक्यतो ग्रामसमुदाय, बचत गट व महिला मंडळे यांच्यामार्फत तो व्हावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी दिला. महाराष्ट्रात आदेशातील शब्द पाळले गेले, आशय मात्र निसटला. अनेक प्रकल्पांची एकच मोठी मोट बांधली, वर भरघोस उलाढालीची अट घातली. गावातल्या दहा-बारा बायकांच्या गटाने ती उलाढाल आणायची कोठून? अखेर २०१९ मध्ये न्यायालयाने त्या निविदा रद्दबातल ठरविल्या. मधली पंधरा वर्षे कोणत्या हिशेबात धरायची?

केंद्राच्या २०१२ च्या धोरणानुसार केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीचा ठरावीक वाटा लघुउद्योगांकडून घ्यावयाचा असतो. २०१८ मध्ये तो २५ टक्के झाला. त्यात ४ टक्के दलित-आदिवासी उद्योजकांचे, ३ टक्के स्त्रियांचे. बयाणा रकमेचीही सूट आहे. परंतु लहान उद्योगाचा दर नीचतम दराहून १५ टक्क्यांपर्यंत अधिक असेल, तर त्याने तो नीचतम दरापर्यंत खाली आणावा, मगच काम मिळेल. म्हणजे सामाजिक न्याय करावयाचा, पण सरकारने त्यापायी एक पैसाही जादा मोजावयाचा नाही!

तीच गत देयकांची. ४५ दिवसांत ती चुकती व्हावीत, विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. पण आपल्या एकमेव गिऱ्हाइकावर दावा कोण लावणार? देयक अडले की लहान माणूस सावकाराचे दार ठोठावतो. मोठ्या कंत्राटदाराला बँक उभी करते. त्याच्या ‘कमी’ दराचे एक रहस्य हेही आहे.

दर्जात मात्र मी तिळमात्र सवलत मागणार नाही. निकृष्ट खिचडी बचत गटाने शिजविली म्हणून ती बालकाच्या अंगी लागत नाही.

तेव्हा जिल्हा परिषदेची निविदा निघाली की कार्यकर्त्यांनी दराआधी तीन कलमे वाचावीत : कामाचे तुकडे केवढे पाडले आहेत, उलाढाल किती मागितली आहे, आणि पैसे कोणत्या तारखेला मिळणार आहेत.