दुसऱ्याच्या ओट्यावरचे दुकान



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयात समाजमाध्यमांवरील व्यापाराचा विषय निघावा, हे कोणाला विसंगत वाटेल. परंतु ग्रंथालय काय आणि पेढी काय, माणसे जोडून ठेवल्यावाचून दोन्ही चालत नाहीत. या नात्याने हा विषय येथे परका नाही.

बेळगावला तर त्याचा जुना वारसा आहे. याच गावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर घडविला. नांगर उत्तम होता. अडचण होती ती गिऱ्हाइकाच्या मनात. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये तेथून शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याची वार्ता सांगण्यासाठी जन्मलेले हे पत्र पाहता पाहता मराठी घरांतले आवडते मासिक झाले. वाचकाच्या उपयोगाचे काही आधी द्यावे, मग आपल्या मालाचे नाव घ्यावे, हे त्यातले मर्म होय.

समाजमाध्यमांवरील विक्रीचे मर्मही याहून वेगळे नाही. फेसबुक २००४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांपुरते सुरू झाले आणि नोव्हेंबर २००७ मध्ये त्यावर व्यवसायांसाठी स्वतंत्र पाने आली. शहापुरातील एखाद्या विणकराची साडी पूर्वी दलाल आणि घाऊक व्यापारी यांच्या हातांतून फिरत पुण्यामुंबईला पोहोचे. आता मागावरून उतरलेल्या साडीचे छायाचित्र त्याच संध्याकाळी तेथील गृहिणी पाहू शकते. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनेही लहान व्यावसायिकांसाठी निराळे अ‍ॅप आणले. मालाची सूची आणि दुकानाच्या वेळा त्यात मांडता येतात. ज्याच्यापाशी वर्तमानपत्रातील जाहिरातीपुरतेही भांडवल नाही, त्याच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हे.

मात्र हा ओटा दुसऱ्याचा आहे, याचा विसर पडू नये. दहा हजार लोकांनी पान पसंत केले, म्हणजे त्या दहा हजारांना नवी साडी दिसते असे नाही. कोणापुढे काय ठेवावे, हे कंपनीची संगणकीय गणिते ठरवितात. ज्या जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचे दार उघडले, त्याच महिन्यात मार्क झुकरबर्ग यांनी फेसबुकवर आप्तमित्रांच्या मजकुराला अग्रक्रम मिळेल आणि व्यवसायांचा मजकूर कमी दिसेल, असे जाहीर केले. मग विणकराला पैसे मोजून जाहिरात करावी लागते. गाव, वय, आवड पाहून ती नेमक्या लोकांपुढे ठेवता येते, हा तिचा गुण. पण तिचा दर लिलावाने ठरतो. दिवाळीच्या तोंडावर त्याच गिऱ्हाइकासाठी मोठमोठ्या पेढ्या बोली लावतात, तेव्हा लहान विणकराचे तेवढेच पैसे पूर्वीपेक्षा कमी घरांपर्यंत पोहोचतात.

आणि ओटाच नाहीसा झाला तर? भारतात एके काळी घरोघरच्या तरुणांना ठाऊक असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यावर चाहते जमवून चार पैसे मिळविणाऱ्यांचा प्रेक्षकवर्ग पाहता पाहता दुरावला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही सुमारे सहा तास ठप्प झाली. ज्यांचा सगळा धंदा तेथेच होता, त्यांना तेवढा वेळ गिऱ्हाइकाशी बोलायलाही वाट उरली नाही.

यावरून समाजमाध्यमे वर्ज्य करावीत, असा निष्कर्ष काढणे शहाणपणाचे नव्हे. बाजार भरतो तेथे माल नेलाच पाहिजे. छायाचित्र दिवसाच्या उजेडात घ्यावे, म्हणजे साडीचा रंग फसवणार नाही. लांबी, सूत आणि किंमत स्पष्ट लिहावी. ‘किंमत संदेशातून विचारा’ या पद्धतीने उत्सुकता वाढत नाही, संशय वाढतो. तक्रार आल्यास ती पुसून टाकू नये, चारचौघांदेखत सौजन्याने उत्तर द्यावे. रोज ‘घ्या, घ्या’ म्हणण्याऐवजी इरकली काठ कसा ओळखावा, रेशीम कसे धुवावे, हे सांगावे. ‘खबरे’ने तरी दुसरे काय केले?

सर्वांत महत्त्वाचे हे की, तेथे भेटलेले गिऱ्हाईक आपल्या वहीत उतरवून घ्यावे. त्याच्या संमतीने नाव, पत्ता, दूरध्वनी आणि त्याने काय नेले, याची नोंद ठेवावी. जे पसंतीचे आकडे पानावर झळकतात, ते कंपनीच्या दप्तरातले असतात. वहीतले गिऱ्हाईक मात्र आपले असते. एक माध्यम बंद पडले, तरी त्या वहीच्या आधारे दुसऱ्या दिवशी दुकान उघडता येते.

ग्रंथालयाच्या सभासदांना हे निराळे सांगावयास नको. शंभर वर्षांत किती राजवटी बदलल्या, किती पिढ्या आल्या आणि गेल्या! तरीही संस्था टिकली, कारण सभासदांची नोंदवही तिच्या स्वतःच्या कपाटात होती आणि त्या वहीतल्या प्रत्येक नावामागचा माणूस तिच्या ओळखीचा होता. नव्या बाजारात उतरणाऱ्या तरुणांनी या कपाटाकडे एकवार अवश्य पाहावे.