वाजवणाऱ्याचा भाव



वारणानगरात संगीताचा विषय निघाला की तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला बालवाद्यवृंद डोळ्यांसमोर येतो. त्याचे कौतुक मी तुम्हांला सांगायला नको. मी बोलणार आहे तो ज्यांचे पोटच वाद्यावर आहे त्यांच्याविषयी: लग्नातला बँड, जोतिबाच्या सासनकाठीपुढची हलगी, सनईवाले, जत्रेतला तमाशा. आणि तेही त्यांच्या कलेविषयी नव्हे, व्यवहाराविषयी.

शब्दच पाहा. वादकाच्या मोबदल्याला आपण बिदागी म्हणतो. बिदागी म्हणजे निरोप देताना खुशीने दिलेली भेट. मजुरी हक्काने मागता येते, भेट मागता येत नाही. गावगाड्यात वाजवणाऱ्यांना धान्य मिळे, तेही देणाऱ्याच्या मर्जीने. तो गावगाडा मोडला, पण ती मर्जी शिल्लक राहिली. वरात दोन तास लांबली तर जनरेटरचे जादा भाडे निमूटपणे दिले जाते. बँडवाल्याने जादा मागितले, तर तो उद्धट ठरतो.

सुपारी ठरते कशी? यात्रा कमिटीचे चौघे येतात आणि म्हणतात, "पलीकडची पार्टी निम्म्यात येते." हे खरे की खोटे, ते विचारायला हा वादक त्या पार्टीकडे जात नाही, कारण ती त्याची प्रतिस्पर्धी! तो भाव उतरवतो. दुसऱ्या दिवशी तेच चौघे पलीकडे जाऊन याचा उतरलेला भाव सांगतात. दोघेही बुडतात आणि दोघेही एकमेकांना शिव्या देतात. कामगारांत काम करताना मी हेच पाहिले, की जिथे पगार गुपित असतो, तिथे तो कमीच असतो.

जुन्नर तालुक्यात नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची मंडळी येऊन तारखा ठरवतात. गिऱ्हाईक दहा राहुट्या हिंडून दहा भाव ऐकते. मात्र शेजारच्या राहुटीत काय ठरले, हे फडमालकाने कोणाकडून ऐकावे? गिऱ्हाइकाकडूनच! बाजार एकाच बाजूला उघडा असेल, तर दुसरी बाजू अंधारात सौदा करते.

याचा उपाय वारणेच्या माणसाला शिकवायला नको. डेअरीत दूध घालणारी बाई फॅट किती लागला ते विचारते, शेजारणीशी ताडून पाहते. उसाचा टनाचा दर पारावर बोलला जातो. सहकाराचा पाया या उघडेपणात आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला १८९३ साली जोसेफ विल्यम्स नावाच्या क्लॅरिनेटवादकाने वादकांची संघटना काढली. तिथल्या आजच्या वादक संघटनेचे मूळ तीच. वादक हाही कामगार आहे, हे तिने मान्य करायला लावले.

आपल्या वादकांनी निदान तालुक्यापुरती एक वही ठेवावी. कोणते गाव, किती माणसे, किती तास, ठरले किती, हाती आले किती आणि कधी, एवढेच लिहावे. निंदा लिहू नये. लिहिणाऱ्याने सही करावी. बाकी फिटली की तशी नोंद करावी. सर्वांचा भाव एकच हवा असे नाही. आठ माणसांची पार्टी आणि वीस माणसांचा बँड एक नव्हेत. परंतु ज्याखाली कोणी उतरू नये, अशी एक पायरी सर्वांनी मिळून ठरवावी.

दुसरे, सुपारी कागदावर घ्यावी. १८७२ चा करार कायदा तोंडी करारही मानतो, पण तो सिद्ध कोण करणार? वेळ, गाडीभाडे, जेवण, विसार आणि उरलेली रक्कम कधी, हे लिहावे. २००० सालच्या नियमांनी, सवलतीचे दिवस सोडल्यास, रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. त्यामुळे खेळ अर्धा राहिला, तर नुकसान कोणाचे? २०२० आणि २०२१ साली जत्रा बंद राहिल्या, तेव्हा घेतलेल्या विसाराचे काय करायचे? ज्यांच्याकडे कागद नव्हता, त्यांना घासाघीस तोंडीच करावी लागली.

शेवटचे बोलणे तुमच्यासाठी. या मंडपात वादक थोडे आहेत आणि यजमान पुष्कळ आहेत. घरी कार्य निघेल तेव्हा कागद तुम्हीच पुढे करा. दुसऱ्याचा खोटा भाव सांगू नका. आणि ठरलेले पैसे, वाद्ये गाडीत चढण्यापूर्वी, मोजून हातात द्या. ती बिदागी नव्हे. ते त्याच्या घामाचे दाम आहेत.