अजिंठ्याचा मेजर गिल

नांदेड-लातूरकडून अजिंठ्याला सहली जातात, तेव्हा लेण्यांतल्या पद्मपाणीच्या चित्रापाशी सगळे थांबतात. ही चित्रं वर्षानुवर्षं कॅनव्हासवर उतरवणारा रॉबर्ट गिल मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो.

गिलचा जन्म १८०४चा. मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी चित्रकारही होता. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीनं अजिंठ्याच्या नकला करण्याचं काम त्याच्यावर सोपवलं. हा मुलूख तेव्हा निजामाचा. गिल अजिंठा गावातच राहिला. अंधाऱ्या लेण्यांत, पुसट झालेल्या भिंतींसमोर बसून तो मोठमोठी तैलचित्रं रंगवत होता आणि ती लंडनला रवाना होत होती.

तिथं घात झाला. डिसेंबर १८६६मध्ये क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्याची बहुतेक चित्रं जळाली. एवढ्या कष्टांची अशी राख व्हावी, हे आजही मनाला लागतं. मोजकीच वाचली, ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

गावातल्या पारोवर त्याचा जीव होता. २३ मे १८५६ला ती गेली. गिलनं तिची कबर बांधली, कबरीवर तिचं नाव कोरलं. ना. धों. महानोरांनी या दोघांवर दीर्घकाव्य लिहिलं.

पुढं गिल कॅमेऱ्याकडं वळला. वास्तुकलेचे अभ्यासक फर्ग्युसन यांच्या लेण्यांवरच्या पुस्तकात त्याची छायाचित्रं आहेत. १८७९मध्ये तो वारला, भुसावळला त्याची कबर आहे. त्याआधीच, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी त्याच भिंतींसमोर नव्यानं नकला करायला बसले होते. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच.