बाईंना द्यायचं राहिलेलं उत्तर

(स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



सकाळपासून 'शाळेने मला काय दिलं' यावर सगळे छान बोलले. डबे झाले, छड्या झाल्या, गॅदरिंगची नाटकं झाली. मला शाळेने एक प्रश्न दिला होता आणि त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. ते आज देते, कारण ज्यांना द्यायचं त्या इतिहासाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

नववीत दुसरं महायुद्ध चाललं होतं. हिटलरने साठ लाख ज्यू मारले, असं बाईंनी वाचून दाखवलं आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, एवढी माणसं घरातून नेली म्हणजे शेजाऱ्यांना दिसलंच असणार. कोणीच काही केलं नाही?" विचारणारा आज इथे आहे. सकाळी त्याला आठवण करून दिली, तर म्हणतो, "मी? मी फक्त तास कधी संपणार एवढंच विचारायचो." बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "मला ठाऊक नाही. तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलं तर बघून या आणि मला सांगा." आम्ही हसलो. आमच्यातल्या निम्म्यांनी तेव्हा पुणंही पाहिलं नव्हतं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी बर्लिनला गेले, लेकीच्या बाळंतपणासाठी. चार महिने होते. नात झोपत नसे, म्हणून रोज तिला बाबागाडीत घालून ट्रामने हाकेशर मार्क्टला जायचं आणि तिथून पायी भटकायचं. त्या भटकण्यात, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात, बाईंच्या प्रश्नाची तीन उत्तरं मिळाली. तिन्ही वेगवेगळी.

पहिलं उत्तर लुस्टगार्टन नावाच्या बागेत. तिथे एक साधा दगड आहे, हेर्बर्ट बाउमच्या गटाचा. बाउम ज्यू होता, इलेक्ट्रिशियन. झीमेन्सच्या कारखान्यात त्याला सक्तीने कामाला लावलं होतं. त्याची बायको मारियान आणि बरीचशी विशीतली मुलं-मुली, बहुतेक ज्यू आणि डाव्या विचारांची, एकत्र जमून पत्रकं काढायची. मे १९४२ मध्ये नाझींनी या बागेत रशियाची टर उडवणारं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. १८ मे रोजी या मुलांनी त्याला आग लावली. नुकसान किरकोळ झालं. काही दिवसांतच धरपकड झाली. बाउम जूनमध्ये कोठडीतच मेला, मारियानला ऑगस्टमध्ये मारलं आणि गटातल्या वीसहून अधिक जणांचा जीव गेला. शिवाय सूड म्हणून ज्यांचा या आगीशी काही संबंध नव्हता अशा सुमारे २५० ज्यू पुरुषांना गोळ्या घातल्या. ज्यू मुकाट गेले असं अजून कोणी म्हटलं, की मला तो दगड आठवतो. आणि ते अडीचशेही आठवतात.

दुसरं उत्तर रोझेनथालर श्ट्रासे ३९ या पत्त्यावर, मागच्या चौकात, जिना चढून वर. तिथे ओटो वाइट नावाच्या जर्मन माणसाचा ब्रश आणि झाडू बनवण्याचा कारखाना होता. आडनाव वाइट, हसू नका. तो स्वतः जवळजवळ आंधळा होता आणि त्याच्याकडचे बहुतेक कामगार अंध किंवा बहिरे ज्यू होते. ब्रश लष्कराला लागतात, म्हणून माझी माणसं मला हवीत, हा त्याचा दावा. पण खरं काम लाचेने व्हायचं. काही माल काळ्या बाजारात विकायचा आणि त्या पैशातून गेस्टापोच्या अधिकाऱ्यांचे हात ओले करायचे. एकदा त्याचे कामगार उचलून नेले, तर हा पठ्ठ्या स्वतः त्या जागी गेला आणि त्यांना सोडवून चालत परत घेऊन आला. मी चौतीस वर्षं कॅशवर बसले. दोन नंबरचा हिशेब म्हटला की माझ्या कपाळावर आठी पडते. त्या खोलीत मात्र पडली नाही.

तिथली शेवटची खोली बिनखिडकीची आहे. दारापुढे कपाट होतं आणि कपाटाची मागची फळी काढून आत जायची वाट. आत हॉर्न कुटुंब लपलेलं, आई, वडील आणि दोन मुलं. नात मांडीवर घेऊन मी तिथे उभी राहिले आणि एकच विचार डोक्यात आला, की इथे खोकला आला तर काय करत असतील? ऑक्टोबर १९४३ मध्ये कोणीतरी चुगली केली. चौघंही ऑशविट्झला मारले गेले.

वाइटच्या कचेरीत आलिस लिख्ट नावाची तरुण मुलगी होती, तिलाही नेलं. तिने गाडीतून फेकलेलं पोस्टकार्ड कोणीतरी उचलून पेटीत टाकलं आणि ते वाइटला मिळालं. मग हा माणूस ब्रशचा विक्रेता म्हणून थेट ऑशविट्झपर्यंत गेला. ती तोवर दुसऱ्या छावणीत गेली होती. त्याने तिथल्या एका माणसाला गाठून तिच्यासाठी कपडे, पैसे आणि राहायची जागा यांची सोय करून ठेवली. जानेवारी १९४५ मध्ये ती निसटली, बर्लिनला आली आणि वाचली. वाइट १९४७ मध्ये गेला. पोस्टकार्ड उचलून पेटीत टाकणाऱ्याचं नाव कुठेच नाही. त्याचाही मला विचार येतो.

तिसरं उत्तर तिथून पाच मिनिटांवर. रोझेनश्ट्रासे म्हणजे गुलाबांची गल्ली. २७ फेब्रुवारी १९४३ च्या सकाळी बर्लिनमध्ये उरलेल्या ज्यूंना कारखान्यांतून, कामावरच्या कपड्यांनिशी उचललं. म्युनिकला सोफी शोल आणि तिच्या भावाचा पत्रकं वाटल्याबद्दल शिरच्छेद होऊन जेमतेम पाच दिवस झाले होते. पकडलेल्यांपैकी सुमारे दोन हजार जण असे होते, की ज्यांची बायको किंवा आई ज्यू नव्हती. त्यांना या गल्लीतल्या, ज्यू समाजाच्या मालकीच्या एका इमारतीत कोंडलं. संध्याकाळी नवरा घरी आला नाही म्हणून बायका शोधत शोधत तिथे पोचल्या. आधी थोड्या, मग शेकडो.

या बायकांवर आधीची काही वर्षं घटस्फोटाचा दबाव होता. नोकरी जाईल, घर जाईल, नातेवाईक तोंड फिरवतील. घटस्फोट घेतला की सगळं सुरळीत आणि नवरा मात्र गाडीत. त्यांनी तो घेतला नव्हता, म्हणून तर नवरे तोवर बर्लिनमध्ये होते. म्हणजे त्यांचा विरोध त्या आठवड्यात सुरू झालाच नव्हता, तो आधीपासून स्वयंपाकघरात चालू होता. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आपला माणूस आत आहे का, हे कळायलाही युक्ती लागे. एकीने शिपायाला सांगितलं, बटाट्यांचं रेशनकार्ड नवऱ्याजवळ राहिलंय, तेवढं आणून द्या. कार्ड आलं आणि मागच्या बाजूला नवऱ्याने लिहिलं होतं की मी ठीक आहे. मधल्या एका रात्री इंग्रजांनी शहरावर बाँब टाकले, तरी बायका दुसऱ्या दिवशी परत आल्या. पहारेकरी हटवायचे, त्या आसपासच्या बोळांत पांगायच्या, पुन्हा जमायच्या. आमचे नवरे परत द्या, असं ओरडत होत्या, असं तिथे असलेल्यांनी नंतर सांगितलं आहे. आठवडाभराने सुटका सुरू झाली आणि बहुतेक सगळे घरी आले. पंचवीस जणांना तर ऑशविट्झला पोचवलं होतं, तिथून परत आणलं.

आता इतिहासकार यावर भांडतात. एक म्हणतो, बायका उभ्या राहिल्या म्हणूनच सरकार नमलं. दुसरा कागद दाखवून म्हणतो, मिश्र लग्नांतल्यांना पाठवायचा बेत तेव्हा नव्हताच, नावं तपासून सोडायचंच होतं. मी दोन्ही बाजू लेकीकडून समजावून घेतल्या. बाई, तुम्ही परीक्षेत विचारलंत तर मी दुसऱ्याच्या कागदांना जास्त गुण देईन. पण गल्लीत उभ्या असलेल्या बाईला तो कागद दिसत नव्हता. तिला बंदूक दिसत होती.

आणि याच मोहिमेत पकडलेले बाकीचे सुमारे सात हजार? त्यांच्या घरी ज्यू नसलेलं कोणी नव्हतं. त्यांच्यासाठी गल्लीत उभं राहायला कोणी उरलंच नव्हतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या गाड्या ऑशविट्झला गेल्या. मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं हेही उत्तर आहे, आणि मला वाटतं, सगळ्यांत मोठं.

ती इमारत आता नाही. तिथे तांबूस दगडाची शिल्पं आहेत, इंगेबोर्ग हुन्त्सिंगर या शिल्पकार बाईंनी केलेली, १९९५ पासून तिथे उभी. थोडं बाजूला बाकावर बसलेल्या एका माणसाचा पुतळा आहे, नुसता बसलेला. माझे गुडघे दुखायचे, म्हणून मी बऱ्याचदा त्या बाजूलाच टेकायची. कितीतरी दिवसांनी लेकीने सांगितलं, "आई, तो बघ्या आहे. जे चाललंय त्यात न पडलेला."

एक सांगते आणि बसते. तुलना म्हणून नव्हे, तुलना होऊच शकत नाही, तेवढं मला कळतं. नोकरीत असताना आमच्या एका शाखेत एका शिपायावर पैसे उचलल्याचा आळ आला होता. त्याने घेतले नव्हते, हे मला आणि आणखी दोघांना ठाऊक होतं. त्याच्या बाजूने अर्ज फिरला, सह्यांसाठी. माझ्या बदलीचा कागद तेव्हा वर अडकलेला होता. मी 'उद्या करते' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकली. हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं. त्या बाकाजवळ बसून लेकीला सांगितलं. ती काही बोलली नाही, गाडी पुढे ढकलत राहिली.

बाई, तुम्ही सांगितलं होतं बघून ये, म्हणून फोटो आणलेत. कपाट आहे, दगड आहे, बाक आहे. चहाच्या वेळी तुमच्याशेजारी जागा ठेवा.